सिडला न घेता

जानेवारी १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे चौघे जमले खरे, पण कामात कुणाचाच जीव नव्हता. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमनं दोन वर्षांपूर्वी त्यांना इतकं भरभरून दिलं होतं, की आता मिळवायचं काय हाच प्रश्न होता. मधल्या काळात वाद्यं बाजूला ठेवून रबर बँड, काचेचे पेले अशा घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा घाट घातला होता. तोही अर्ध्यावर सोडला. एका खोलीत असून आपण एकमेकांजवळ नाही, हे रॉजर वॉटर्सला कळून चुकलं. त्यानं मग तेच नसणं नव्या अल्बमचा विषय म्हणून घेतलं.

त्या नसण्याला एक नाव होतं : सिड बॅरेट. बँडचं नाव त्याचं, सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची. एलएसडी आणि ढासळत गेलेलं मन यांनी त्याला पार पोखरलं. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला जाताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? नको, राहू दे, असं ठरलं आणि गाडी पुढं गेली. भांडण नाही, निरोप नाही. त्याची जागा घेणारा डेव्हिड गिलमोर केंब्रिजचाच, त्याचा जुना दोस्त. तो नवा अल्बम, ‘विश यू वर हिअर’, ऐकताना ती गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. मला हा अल्बम विरहापेक्षा माफीचा वाटतो.

सगळं सुरू झालं ते गिलमोरच्या गिटारवर सहज सापडलेल्या चार सुरांतून. त्या सुरांत वॉटर्सला सिड ऐकू आला आणि ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ आकाराला आलं. आरंभी एकच मायनर स्वरमेळ संथपणे धरून ठेवलेला. त्यात त्या सोडून दिलेल्या प्रयोगातल्या काचेच्या पेल्यांचा नादही मिसळलेला. गाणाऱ्याचा आवाज येतो तो आठ मिनिटं उलटून गेल्यावर. आलापीला सरावलेल्या आपल्या कानांना ही सबुरी परकी वाटत नाही.

जून महिन्यात याच गाण्याचं मिक्सिंग चालू असताना एक स्थूल माणूस स्टुडिओत आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी. बराच वेळ कुणालाच ओळख पटली नाही. तो सिड होता, अवघ्या २९ वर्षांचा. कळलं तेव्हा वॉटर्सला रडू आवरेना.

हा प्रसंग अद्भुत योगायोग म्हणून सांगितला जातो. मला तो त्याहून कठोर वाटतो. ज्याच्यासाठी गाणं रचलं तो हयात होता, समोर बसला होता. पण गाण्यातला सिड १९६७ चा, देखणा आणि तेजस्वी. शोक करणाऱ्याला मनातला माणूस पुरतो, खऱ्या माणसाला त्यात जागा उरत नाही.

शीर्षकगीतात मात्र ती जागा सापडते. गिलमोरच्या गाडीतला रेडिओ स्टेशनं बदलत खरखरतो, मग एक गिटार लहानशा रेडिओतून यावी तशी बारीक, दबलेली ऐकू येते. थोड्या वेळानं दुसरी गिटार तिला साथ देऊ लागते, भरदार, अगदी शेजारच्या खुर्चीवरून यावी तशी. मध्येच खोकल्याचा आवाजही येतो, तो पुसलेला नाही. दूर गेलेल्याशी जुळवून घेण्याची धडपड शब्द सुरू होण्याआधीच पोचलेली असते.

अल्बम १२ सप्टेंबर १९७५ ला आला. सिड पुढं केंब्रिजला परतला. चित्रं काढत, बाग करत राहिला आणि जुलै २००६ मध्ये गेला. बँडच्या नव्या संग्रहांत सिडची गाणी यावीत आणि त्यांचे पैसे त्याच्यापर्यंत पोचावेत, याकडं गिलमोरनं शेवटपर्यंत लक्ष दिलं. मला ही काळजी त्या चार सुरांइतकीच मोलाची वाटते.