गॉडझिला, काँग आणि पंचनामा

मी गॉडझिलाचा जुना पंखा आहे. (हापिसात हे फारसं कुणाला सांगत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या माणसानं कॉफी मशीनपाशी उभं राहून किती सरडे कुणाला हरवू शकतात यावर बोलणं बरं दिसत नाही.) सुरुवात झाली ती सिल्लोडला, केबलवर हिंदीत डब केलेला १९९८ चा अमेरिकी 'गॉडझिला' पाहून. तो मासे खाणारा आणि अंडी घालणारा. खरा जपानी गॉडझिला पुढे इंटरनेट हाताशी आल्यावर भेटला. २००४ च्या 'गॉडझिला: फायनल वॉर्स'मध्ये जपानच्या तोहो कंपनीनं आपल्या गॉडझिलाकडून या अमेरिकी अवताराला सिडनीत काही सेकंदांत लोळवलंय, हे पाहिल्यावर तर आम्ही कायमचे जपानी पार्टीत!

तर मुद्दा सिक्वेलचा. आधी एक गंमत सांगतो. १९५४ च्या मूळ गॉडझिलाची उंची ५० मीटर. आपल्या दौलताबादचा चांद मिनार साधारण ६४ मीटर. म्हणजे मूळ गॉडझिलाला किल्ल्यात आणून उभं केलं तर तो मिनारापेक्षा बुटका भरेल. हॉलिवूडनं २०१४ मध्ये त्याला १०८ मीटरचा केला, २०१९ च्या सिक्वेलमध्ये जवळजवळ १२० चा. उंची दुपटीहून जास्त झाली. भीती मात्र त्या हिशेबात वाढली नाही. नव्या व्हर्जनमध्ये फीचर्स दुप्पट आणि उपयोग तेवढाच, हे आपल्या लाईनमधल्या लोकांना वेगळं समजावायला नको :)

याच मालिकेतला 'गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर' मार्च २०२४ मध्ये आला. मी वीकांताला गावी होतो. सहावीतल्या भाच्याला घेतलं आणि साठ-पासष्ट किलोमीटर गाडी हाणत संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्सला पोचलो. पिच्चर मजेशीर आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. गॉडझिला रोमच्या कोलोसियममध्ये मांजरासारखं अंगाचं मुटकुळं करून झोपतो. काँगचा दात दुखतो, तर त्याला नवा दात बसवून देतात. काँगला आपल्या जातीचं एक खोडकर पिल्लू भेटतं आणि दोघांतले कितीतरी मिनिटांचे प्रसंग एकाही शब्दाशिवाय चालतात. दिग्दर्शक ॲडम विंगार्डला ते छानच जमलंय. मग पिरॅमिडपाशी मारामारी, शेवटी रिओमध्ये महामारामारी. इमारती पत्त्यासारख्या पडतात, अर्धं शहर बर्फात गोठतं. मी शिट्टी मारायच्या बेतात होतो.

तेवढ्यात भाचा कानाशी म्हणाला, "मामा, हे येवढं पडलं, याचा पंचनामा कोन करनार?"

पुढच्या रांगेतले दोघं हसले. मीही हसलो. पण तो विनोद करत नव्हता. त्याच्या घरी मका आणि कापूस असतो. अवकाळी किंवा गारपीट झाली की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात, बांधावर उभे राहतात, आडवा झालेला मका बघतात, फोटो काढतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरलं तर मदतीच्या यादीत नाव, नाहीतर नाही. दाजी त्या दिवशी सकाळपासून शेतात थांबतात आणि ताई घरात कुणाशी बोलत नाही. त्यामुळे मोठं काहीतरी येऊन सगळं आडवं करून गेलं, की त्यानंतर कागद घेऊन माणसं येतात, हे पोराला पाठ आहे. पडद्यावर ती माणसं येईनात, म्हणून त्यानं विचारलं.

घरी परतल्यावर मी आठवून बघितलं, आणि लक्षात आलं की मला आवडणारे सगळे गॉडझिलापट हेच करतात. ते पंचनामा करतात.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गोजिरा' आला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा बघून आलेला माणूस. त्याच्या सिनेमात कोसळणाऱ्या इमारतीखाली एक आई पोरांना कवटाळून बसलेली आहे. दुसऱ्या दिवशीचं इस्पितळ आहे, जिथे एका लहान पोराजवळ किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. हा पंचनामाच की!

२०१६ चा 'शिन गॉडझिला' तर निम्मा बैठकांमध्ये घडतो. फाईल, परवानगी, समिती, मग वेगळ्या खोलीत तीच समिती. २०११ ची त्सुनामी आणि फुकुशिमा भोगलेल्या देशानं स्वतःच्याच सरकारी यंत्रणेचा केलेला तो पंचनामा. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' युद्धात आधीच शून्य झालेल्या माणसांचा. त्यातले ६१० व्हीएफएक्स शॉट अवघ्या ३५ जणांच्या टीमनं केले आणि ऑस्कर नेलं. (आमच्याकडे एका लॉगिन पेजला यापेक्षा जास्त माणसं लागतात. असो.)

आता कुणी म्हणेल, सिक्वेल म्हटल्यावर हे होणारच. खरंय. पहिला सिक्वेल मूळ सिनेमानंतर सहा महिन्यांच्या आत, १९५५ मध्ये आला आणि १९६४ पर्यंत गॉडझिला तीन डोक्यांच्या घिदोराविरुद्ध माणसांच्या बाजूनं लढायलाही लागला. मला त्यात गद्दारी वाटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला आपणही शेंदूर फासून गावाच्या वेशीवर बसवतोच. म्हसोबाचं नातं कोसंबींनी थेट महिषासुराशी जोडलंय. राक्षसाचा देव होतो, देवाची जत्रा होते, जत्रेत पाळणे येतात. 'न्यू एम्पायर' ही ती जत्रा आहे आणि जत्रेत जायला मला आवडतं.

फक्त एक फरक आहे. म्हसोबाला नैवेद्य चुकत नाही. तो काय करू शकतो हे गाव विसरलेलं नसतं. 'न्यू एम्पायर' ते साफ विसरतो. रिओ पडतं, माणसं पळतात, आणि पुढच्या सीनमध्ये सगळं आलबेल. आणि हे याच मालिकेला जमत नाही असंही नाही. २०२३ च्या 'मोनार्क' या वेब मालिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या हल्ल्यातून वाचलेली एक शिक्षिका आहे, जिला तो दिवस वर्षभरानंतरही सोडत नाही. म्हणजे कोड त्यांच्याकडे आहे, सिनेमात मर्ज केला नाही इतकंच.

म्हणून सिक्वेलसाठी माझी कसोटी आता सोपी आहे. राक्षस किती मोठा, गुलाबी का निळा, हे सगळं नंतर. पायाखाली कोण आहे आणि त्याची नोंद कुणी घेतली का, हे आधी. 'न्यू एम्पायर'ला माझ्याकडून मजेचे पूर्ण मार्क, या प्रश्नाचे शून्य.

पुढचा भाग 'सुपरनोव्हा' २०२७ साठी जाहीर झालाय. जाणार अर्थातच, पंखा आहे शेवटी. भाचा म्हणतोय तोही येणार, पण सोयाबीन-मक्याचं काय होतंय ते बघून.