विटणं, मंदावणं, उणं होणं

आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या जगात गोष्टी एकदम नाहीशा होत नाहीत, 'फेड आऊट' होतात. जेक्वेरीला वेळ सांगितली नाही, तर स्क्रीनवरचा चौकोन ४०० मिलिसेकंदांत विरून जातो. ऑफिसात रोज वापरतो हा शब्द. पण तो मुळात उजेडाचा नाहीच! जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फिका, बेचव. फ्रेंच माणूस आजही मिळमिळीत सूपला 'फाद' म्हणतो. आपल्याकडे नाही का, रंगही फिका आणि चहाही फिका? तसंच.

उजेडाचा शब्द 'डिम'. दिवा डिम होतो, नजर डिम होते. चंद्राचा शब्द 'वेन', म्हणजे कलेकलेनं कमी होणं. गंमत म्हणजे हा 'वेन' आणि संस्कृतातला 'ऊन' एकाच मुळातून आलेत. तोच ऊन आपल्या 'उणे'मध्ये आहे आणि 'एकोणीस'मध्येही (एक उणे वीस!). म्हणजे वद्य पक्षातला चंद्र रोज थोडा उणा होतो, असं म्हटलं की भाषांतर आणि व्युत्पत्ती दोन्ही एका फटक्यात.

'डार्कल'ची कथा तर खास आपल्या लाइनीतली. 'डार्कलिंग' म्हणजे नुसतं 'अंधारात'. पण शेवटचं 'इंग' बघून लोकांना ते क्रियापदाचं रूप वाटलं. त्यांनी 'इंग' काढून टाकलं, आणि 'डार्कल', अंधारून येणे, असं नवं क्रियापद तयार! बगचं फीचर झालं, दुसरं काय.

असो. हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटेल. मलाही वाटायचं. पण गेल्या वर्षी आई फोनवर म्हणाली, "दिसतं रे सगळं, पण विटल्यासारखं."

"अंधुक दिसतं का?"

"अंधुक नाही. बाबांचा निळा शर्ट आहे ना, तो मला करडाच वाटतो."

विटल्यासारखं! उजेड कमी झाला नव्हता, रंग गेला होता. म्हणजे डिम नव्हे, फेड. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी इंग्रजीत तसंच सांगितलं. त्यांनी तपासलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग वयानं पिवळट, गढूळ होत जातं आणि निळा उजेड अडवायला लागतं, असं त्यांनी समजावलं. सगळं इतकं सावकाश होतं, की ज्याचे डोळे त्यालाच पत्ता लागत नाही. इथे ४०० मिलिसेकंद नसतात, वर्षं असतात.

ऑपरेशन झालं. आता आईची तक्रार अशी, की घराच्या भिंती किती मळल्यात हे इतके दिवस कुणी सांगितलं का नाही!

तर मंडळी, या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "नीट दिसतं ना?" असं विचारू नका. त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "कसं दिसतं?" असं विचारा. आणि उत्तरात अंधुक येतं, धूसर येतं की विटलेलं, ते जरा कान देऊन ऐका.