शंभर नंबरची बस

भारतातून कुणी पहिल्यांदा बर्लिनला येणार असलं की इथल्या बहुतेक मराठी लोकांच्या फोनमधून तीच यादी बाहेर पडते. ब्रांडेनबुर्ग गेट, राइशटागचा काचेचा घुमट, ईस्ट साइड गॅलरी, मध्येच जेवायला एखादं भारतीय हॉटेल. माझीही यादी तयार होती. पण मे महिन्यात मोठे मामा आले आणि ती पहिल्याच दिवशी बाजूला पडली. मामा 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते, तासगाव आगारात. शहरात काय आहे यापेक्षा शहर चालतं कसं, हे त्यांना बघायचं होतं.

पहिला प्रश्न स्टेशनवरच आला. गेट नाही, दांडा नाही, कुणीही सरळ आत जातंय. "मग तिकीट कोण बघतं?"

म्हटलं, कधीतरी साध्या कपड्यातले तपासनीस चढतात. तिकीट नसेल तर 60 युरो दंड. त्यांचं आठवड्याचं तिकीट मी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालायला सांगितलं. ठक्क करून शिक्का उमटला. मामांनी चष्मा वर करून त्यावरची वेळ वाचली. "म्हणजे हितं पॅसेंजरच कंडक्टर."

तिसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला कोपराने ढोसलं. दाराजवळ दोघं उभे होते, जीन्स, पाठीवर सॅक. "चेकिंगवाले." मी हसलो. दारं बंद झाली आणि दोघांनी खिशातून ओळखपत्रं काढली. "तुम्हाला कसं कळलं?" "रिकामी सीट सोडून माणसं मोजत हुबारलेत. आमचेबी असंच करायचे."

त्यांना सगळ्यात आवडली ती शंभर नंबरची बस. प्राणिसंग्रहालयाजवळच्या स्टेशनवरून निघते आणि आलेक्झांडरप्लाट्झला जाते. वाटेत विजयस्तंभ, राइशटाग, उंटर डेन लिंडेन, सगळं दिसतं, तेही साध्या तिकिटात. 1990 मध्ये दोन्ही बर्लिन एक झाल्यावर पश्चिम आणि पूर्व जोडायला हा मार्ग सुरू झाला. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर मामा तीन वेळा बसले. राइशटागकडे त्यांनी एकदाच बघितलं. बाकी वेळ ड्रायव्हर थांब्याला बस किती चिकटवून लावतो, याकडे लक्ष.

मग मी त्यांना नॉर्डबानहोफला नेलं. तिथे स्टेशनातच भुताच्या स्टेशनांचं प्रदर्शन आहे. ऑगस्ट 1961 मध्ये भिंत उभी राहायला लागली, तेव्हा पश्चिम बर्लिनच्या काही गाड्या जमिनीखालून पूर्वेच्या हद्दीतून जायच्या आणि पुन्हा पश्चिमेत बाहेर पडायच्या. पूर्वेने मधली स्टेशनं बंद केली. फ्रीडरिशश्ट्रासे सोडलं तर गाडी कुठेच थांबायची नाही, फक्त वेग कमी करायची. अंधुक प्लॅटफॉर्मवर बंदूकधारी पहारेकरी दिसायचे. असं 28 वर्षं चाललं. 9 नोव्हेंबर 1989 ला भिंत उघडली आणि दोनच दिवसांनी यानोवित्झब्र्युके स्टेशनवर पुन्हा गाडी थांबली.

मामा बराच वेळ फोटोंसमोर उभे होते. "अठ्ठावीस वर्सं," ते म्हणाले. "रोज त्याच स्टेशनातनं जायचं आणि एक बेल मारायची न्हाई."

प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसल्यावर मी ते बोललो, जे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला इथे पाच वर्षं झाली आहेत. 2024 च्या जूनपासून जर्मन नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाचावर आली. मी अर्ज केलाय. जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, भारताला चालत नाहीत. म्हणजे आपला परत करावा लागेल.

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मामांनी पीएफवर कर्ज काढून भरली होती. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. एक गाडी येऊन गेली. मग त्यांनी विचारलं, "सातबाऱ्याचं काय?"

वडिलांची दीड एकर द्राक्षबाग आहे. मी सांगितलं, ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली राहते.

"आणि मतदान?"

"नाही."

"ग्रामपंचायतीलाबी न्हाई?"

"कशालाच नाही."

"मागल्या खेपंला आपला माणूस चार मतांनी आला," एवढंच म्हणून ते प्लॅटफॉर्मकडे बघत बसले. मी समजावणीची वाक्यं जुळवून ठेवली होती: व्हिसाची कटकट, प्रवासाची सोय, नोकरी गेली तरी राहता येतं. सगळी खरी होती. पण त्या बाकावर ती एचआरच्या ईमेलसारखी वाटली असती, म्हणून बोललो नाही. मी वर्षाला पंधरा दिवस गावी जातो, ते त्यांना माहीत आहे. हिशोब त्यांचा माझ्यापेक्षा पक्का आहे.

गाडी आली. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. "तुझ्या आईला मी सांगणार न्हाई. ते तू सांग. आणि फोनवर नको."

जाताना शिक्क्याचं तिकीट त्यांनी पाकिटात जपून नेलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. तलाठ्याला भेटून आले होते. "वारसनोंद हुती म्हणाला. तेवढं काम झालं." मग थोडं थांबून, "दिवाळीला येतोयस न्हवं?"

दिवाळीचं तिकीट मी त्याच रात्री काढलं.