‘आजवर काही झालं नाही’ म्हणजे धोका नाही का?

“डॉक्टर, आजवर काही त्रास झाला नाही!” ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं. पण ‘आजवर’ म्हणजे किती दिवस, किती वेळा? ते कळल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

चूक होण्याआधीच ती शोधण्यासाठी कारखान्यांत आणि रुग्णालयांत एक पद्धत वापरतात. तिचं नाव ‘फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अ‍ॅनालिसिस’. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि प्रत्येक बिघाडाला 1 ते 10 मधले तीन गुण द्यायचे: झाला तर किती गंभीर, किती वेळा होऊ शकतो, आणि वेळेत लक्षात येणं किती अवघड. गुणाकार जितका मोठा, तितकी त्याची काळजी आधी. फसगत बहुधा दुसऱ्या गुणात होते. ‘आपल्याकडे कधी झालं नाही’ म्हणून तिथे सरळ 1 लिहिला जातो.

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. एकाच रुग्णालयापुरतं पाहिलं, तर अशी आग दुर्मीळ वाटते. पण त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षातल्या आगीत 10 बाळं गेली होती. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला होता. राज्यभराचा हिशेब केला, तर तो गुण 1 राहत नाही. शिवाय कोविडमध्ये यंत्रं आणि ऑक्सिजन यांचा वापर कितीतरी वाढला होता. परिस्थिती बदलली की जुना अनुभव पुरत नाही.

हेच घरी लावून पाहा. समजा, तुम्ही 30 दिवस इन्सुलिन घेताय आणि शुगर एकदाही कमी झाली नाही. अशा वेळी एक सोपा हिशेब आहे: 3 ला दिवसांच्या संख्येने भागा. 3 भागिले 30, म्हणजे 10 टक्के. खरा धोका दहा दिवसांतून एकदा इतकाही असू शकतो, फक्त अजून दिसलेला नाही. 300 दिवस नीट गेले, तर हीच वरची मर्यादा 1 टक्क्यावर येते.

म्हणून तीन गोष्टी करा.

1. वहीत तारखेसह नोंद ठेवा. शुगर 70 च्या खाली गेली तर लिहाच.
2. ‘थोडक्यात निभावलं’ तेही लिहा: घाम, थरथर, एकदम लागलेली भूक.
3. उपवास, नवं औषध, किडनीचा त्रास, शेतात जास्तीचं काम, यांपैकी काहीही बदललं की मोजणी नव्याने सुरू करा आणि डॉक्टरांना सांगा.

शुगर कमी झाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगी असेल तर तोंडाने काही न देता लगेच रुग्णालयात न्या. डोस मनाने बदलू नका. ‘90 दिवसांत दोनदा, दोन्ही वेळा एकादशीला’ एवढी नोंद मिळाली, तरी डोस कुठे बदलायचा ते आम्हाला नेमकं कळतं.