उंबरठ्यापलीकडचे बंदर

गुडघ्यांनी दगा दिला आणि आम्हां उभयतांचे हिमालयाचे बेत कायमचे राहून गेले. आगाशीहून विरारमार्गे चर्चगेटला आम्ही तीस वर्षे ये-जा केली. नालासोपारा म्हणजे आमच्या लेखी गर्दीचे एक स्टेशन, एवढेच. परवा मात्र काठी टेकीत आम्ही तेथील ‘बुरुड राजाच्या कोटा’पाशी गेलो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी याच टेकाडातून बौद्ध स्तूप उजेडात आणला. आतील दगडी पेटीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. हेच प्राचीन शूर्पारक! दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले हे बंदर आम्हां शेजाऱ्यांनाच अनोळखी राहिले होते. परतताना गुडघे ठणकत होते. पण पुढे कोठे जायचे यावरून आम्ही पुष्कळ वर्षांनी पुन्हा कडाडून भांडलो.