बाबांचा सातबारा

मेहकरकरांनो, बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर होता. पीककर्ज अडलं. जो तो म्हणे, कोर्टातून वारस दाखला आणा. गरजच नव्हती! मार्च 2025 मध्ये आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातून 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मग राज्यभर गेली. मृत्यू दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, सगळ्या वारसांचे पत्ते-फोन तलाठ्याकडे दिले. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. मोहीम नसतानाही वाट हीच. वाद असला तर मात्र कोर्टात जायची वेळ येऊ शकते.

आमच्याकडे तो होताहोता राहिला. काका म्हणाले, "बहिणींची नावं कशाला? त्या दिल्या घरी सुखी आहेत." आई म्हणाली, "लेकी माह्या नाहीत काय?" आता सातबाऱ्यावर आम्ही चौघं आहोत: आई, मी अन् दोघी बहिणी.