कर्मणी प्रयोग

'अभिव्यक्ती' हा शब्द मराठीच्या वर्गात आम्ही दोघे इतक्या वेळा उच्चारतो की त्याची धार कधीच बोथट झाली आहे. अनुभूती आधी, अभिव्यक्ती नंतर. अनुभव घेणारा कोणी असतो, म्हणून व्यक्त होणारा कोणी असतो, हे आम्ही गृहीतच धरतो. मागील वर्षी प्राणिशास्त्र विभागातील एका तरुण सहकाऱ्याने प्रयोगशाळेतील उंदरांवरच्या संशोधनाचा एक मराठी आढावा भाषेच्या अंगाने तपासण्यासाठी आमच्याकडे दिला. 'जनुकाची अभिव्यक्ती' हा शब्दप्रयोग त्यात पानोपानी होता. आमच्या शास्त्रातला शब्द परक्या घरी नांदताना पाहावा, तसे काहीसे वाटले.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. परंतु सगळी एकाच वेळी बोलत नाहीत. एखाद्या जनुकाची नक्कल उतरते, तिच्यावरून प्रथिन घडते, तेव्हा ते जनुक अभिव्यक्त झाले असे म्हणतात. 'सी-फॉस' नावाचे जनुक शांत मज्जापेशीत बहुधा मुके असते. पेशी जोराने उत्तेजित झाली की ते काही मिनिटांत जागे होते आणि तास-दोन तासांत त्याचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात साठते. 1987 च्या सुमारास संशोधकांना उमगले की या प्रथिनाच्या खुणा मोजल्या, तर एखाद्या औषधाने वा वेदनेने मेंदूचा व मज्जारज्जूचा कोणता भाग जागवला, हे सांगता येते.

मग प्रश्न येतो वाटेचा. औषध थेट मेंदूत पोहोचते, की पोटातून मज्जातंतूमार्फत निरोप जातो? याचे उत्तर शोधण्यासाठी तो मज्जातंतू कापतात. आतड्यातून स्रवणारे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक टोचले की उंदीर कमी खातो. पोटाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू कापल्यावर हा परिणाम नाहीसा होतो, हे 1981 साली दाखवले गेले. 2011 मध्ये विशिष्ट जिवाणू खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूत काही जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. व्हेगस कापलेल्या उंदरांत तो बदल दिसला नाही. निरोप्याची वाट तोडली आणि अभिव्यक्ती थांबली.

तुलनेसाठी आणखी काही उंदीर लागतात. त्यांचेही पोट उघडतात, मज्जातंतू मोकळा करतात आणि न कापताच टाके घालतात. आढाव्यात याला 'आभासी शस्त्रक्रिया' म्हटले होते. उंदराच्या दृष्टीने तिच्यात आभासी काय असते, हे आम्हांला कळले नाही. पण तिच्याविना निष्कर्ष उभा राहत नाही, हे मात्र कळले.

या विषयाचे धागे मुंबईपर्यंत येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांनी सहसंशोधकांसह 1997 साली, अमेरिकेत येल येथे असताना, एका भ्रमकारी औषधाचा मोठ्या जातीच्या उंदरांवरील परिणाम प्रसिद्ध केला. मज्जापेशींचे पोषण करणाऱ्या बीडीएनएफ या जनुकाची अभिव्यक्ती त्या औषधाने मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात घटते, तर बाह्यकात वाढते. एकच शब्द दोन संदर्भांत उलट अर्थ देतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. भावना आणि मेंदू यांविषयीच्या मुंबईतील कामासाठी वैद्य यांना 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

हे सर्व आम्ही तटस्थपणे वाचू शकलो नाही. आमच्या आईला मधुमेहामुळे मज्जातंतूंचा विकार जडला आहे. पूर्वी रोज संध्याकाळी कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला जाणारी ती आता दाराशीच बसते. "पायांत इंगळ फिरवल्यागत हुतंय," असे ती म्हणते. रात्री गॅबापेंटिनची गोळी घेतल्यावर तिला डोळा लागतो. हे औषध मज्जापेशीतील ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, त्याच्या जनुकाची अभिव्यक्ती मज्जातंतूला इजा केलेल्या उंदरांमध्ये वाढते, हेही त्याच आढाव्यात होते. असा मज्जातंतू सैल गाठींनी आवळून दीर्घ वेदना निर्माण करण्याची पद्धत 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. उंदीर मागचे पाऊल उचलून धरतो, चाटतो, जमिनीला टेकवीत नाही. आईजवळ इंगळाची उपमा आहे. उंदराजवळ उचललेले पाऊल. आणि सी-फॉसचे काळे ठिपके दिसावेत म्हणून त्याला मारून, मेंदूचे पातळ काप करावे लागतात. ज्याची अभिव्यक्ती, तो ती वाचली जाताना नसतो.

'हे बंद करा' असे म्हणणे सोपे आहे. आईची झोप पाहिलेल्या घरात ते आम्हांला म्हणवत नाही. 'विज्ञानासाठी चालायचेच' असेही म्हणवत नाही. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच मार्ग सुचवला होता : शक्य तेथे प्राण्यांऐवजी पर्याय वापरा, संख्या घटवा, वेदना कमी करा. आपल्याकडे 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे आणि 1998 चे प्राणिप्रयोगांविषयीचे नियम आहेत. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीत वैज्ञानिक नसलेला, सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य असावा, अशीही व्यवस्था आहे. त्या खुर्चीवर भाषेचा शिक्षक का बसू नये? किती उंदीर, कशासाठी, वेदनाशामक कोणते, हे त्याने विचारावे. आणि कोणत्या शब्दांत लिहिणार, हेही विचारावे.

कारण सहकाऱ्याच्या आढाव्यात सर्वत्र 'उंदीर मारले गेले' असे होते. दोन ठिकाणी तर इंग्रजी निबंधांच्या वळणाने 'बळी दिले गेले'. बळी म्हटला की देणारा आला, ज्याला द्यायचा तो आला. येथे दोघेही बेपत्ता. 'मारले गेले' या रचनेला काही व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात, काही कर्मकर्तरी. नाव काहीही असो, मारणारा तिच्यात सांगावा लागत नाही. आम्ही पेन्सिलीने दुरुस्ती सुचवली : 'आम्ही उंदीर मारले.' हाही मराठीत कर्मणी प्रयोगच. क्रियापद उंदराच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कर्ता आपल्या जागी उभा राहतो. सहकारी थोडा थबकला; मग म्हणाला, "सर, मॅडम, हे वाक्य लिहायला जड जातंय." आम्ही म्हणालो, तसेच राहू द्या.